दोन दस्तांमधली कविता

“...आणि कवीचं नाव कधी कळलंच नाही, तर माझ्या सात वर्षांचं काय, फादर?”

खांबेटे दमला होता. वसईच्या उन्हातून सायकल रेटत आला होता, आणि त्याआधी सात वर्षं तेराव्या शतकातली इटालियन कविता रेटत आला होता. ती भाषा त्याला फादर रुमाव यांनीच शिकवलेली.

फादर आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते.

“वाच.”

खांबेट्याने वाचली. आठ ओळींची प्रेमकविता, बोलोन्या शहराच्या जुन्या दप्तरात दस्त उतरवणाऱ्या कारकुनाच्या अक्षरात सापडलेली. वर कोणाच्या तरी द्राक्षमळ्याचं विक्रीपत्र, खाली एका विधवेचं मृत्युपत्र. मध्ये ही. नाव नाही.

“हल्ली घशाखाली चहासुद्धा उतरत नाही माझ्या,” फादर म्हणाले. “ही उतरली.”

“त्याने माझं पोट भरत नाही, फादर. परीक्षक म्हणतात, कवी कोण ते सांगा, नाहीतर प्रबंध परत. प्रबंध परत आला की कॉलेजातली नोकरीही गेली.” तो अडखळला. “म्हणून... मी एक नाव घातलंय.”

फादरांनी डोळे उघडले.

“पुरावा?”

“शैली जुळते. थोडीफार. त्या नावाचा एक कवी तेव्हा त्याच गावात राहायचा. आता खोटं ठरवायला कोण जिवंत आहे?”

“खरं आहे, बाबा. कोणीच नाही.”

खांबेट्याला ते टोचलं. फादर रागावले असते तर बरं झालं असतं.

“पण का रे,” फादरांनी विचारलं, “त्या कारकुनाने दस्तांच्या मध्येच कविता का लिहिली असेल?”

“हे तुम्ही मला विचारता?” खांबेटे उसळला. या विषयात त्याच्याइतकं आता फादरांनाही ठाऊक नव्हतं. “दोन दस्तांमध्ये कोरी जागा राहायची. मागाहून तिथे कोणी खोटा मजकूर घुसडू नये, म्हणून कारकून ती जागा भरून टाकायचे. आठवेल त्या कवितेने...”

त्याची नजर स्वतःच्या पिशवीकडे गेली.

बाहेर केळीच्या बागेत पाण्याचा पंप घुमत होता.

त्याने पिशवीतून प्रबंध काढला. पहिल्या पानावर घातलेल्या कवीच्या नावावर काट मारली.

“जागा कोरी सोडू?”

“नको. उद्या तुझ्यासारखाच कोणी दमलेला येईल.”

“मग काय लिहू, फादर?”

फादरांनी पुन्हा डोळे मिटले.

“तीच कविता. परत.”