तीन पुड्यांचा वसा

ऐक गं जिवतीमाये, लेकुरवाळे, तुझी कहाणी. आटपाट रान होतं. रानाच्या कडेला गांव होता, गांवापुढं नदी होती. तिथं फुलवंता नांवाची बाई राही. घरीं सासू होती, नवरा होता, कडेवर दोन वर्षांची रत्नी होती. रत्नीच्या आधीं एक मुलगा झाला होता, केशू. त्याला हिंवताप आला, दवाखान्यांत नेला, बरा करून आणला. घरोघर गूळ वाटला. मग काय झालं? महिना भरला नाही तों ताप उलटला, हसतं पोर हातचं गेलं, नदीकांठच्या मातींत निजलं.

पुढं जेठाच्या महिन्यांत रत्नी तापली. ओठ पांढरे पडले, मान टाकली. फुलवंतेनं तिला पोटाशीं धरलं, डोंग्यांतून नदी ओलांडली, दवाखाना गांठला. तिथं रक्त चढवलं, सुया दिल्या. आठां दिवसांनीं रत्नी म्हणाली, "आई, भात."

घरीं सोडायची वेळ झाली, तशी फुलवंता रडूं लागली. सिस्टरबाईंनीं विचारलं, "बाई बाई, लेक बरी झाली, तूं रडतेस कां?"

"बरं होऊन घरीं आलेलंच माझं गेलं. मला घराचंच भय वाटतं."

सिस्टरबाई तिच्याजवळ बसल्या. "तर तुला एक वसा सांगतें. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाहीं, मातणार नाहीं, घेतला वसा टाकणार नाहीं."

"मोठ्या दुखण्यांतून उठलेल्या लेकराचं अंग कोवळं असतं. पुन्हा ताप त्याला सोसत नाहीं. ह्या गोळ्यांच्या तीन पुड्या घे. पहिली दोन आठवड्यांनीं, दुसरी सहाव्या आठवड्यांत, तिसरी दहाव्या. दर पुडी तीन दिवस. लेक हसो, खेळो, नाचो, द्यायचीच. निजवायचं मच्छरदाणींतच. तरी ताप दिसला, तर घरीं थांबायचं नाहीं."

पहिल्या पुडीची वेळ आली. रत्नीनं गोळी थुंकून टाकली. फुलवंता गांवांत औषधं देणाऱ्या आशाताईकडं धांवली. ताईनं दुसरी गोळी पाण्यांत विरघळवली, चमच्यानं पाजली. तीन दिवस झाले.

मग आषाढ आला, भाताची रोवणी आली, दुसरी पुडी आली. सासू म्हणाली, "खेळत्या लेकराला औषध कसलं? जपून ठेव. ताप आला कीं देऊं." फुलवंतेला तें पटलं. पुडी फळीवर ठेवली, चिखलांत रोवायला गेली. पण हात चालेना. रोपांची जुडी बांधावर टाकली, तशीच घरीं आली. अंगणांत रत्नी कोंबडीमागं धांवत होती.

"आत्याबाई, केशूसुद्धां असाच खेळत होता."

सासूनं फळीवरची पुडी काढली. उठली, हात धुतले, वाटींत पाणी आणलं, नातीला मांडीवर घेतलं.

मग श्रावण लागला, तिसरी पुडी आली. शेजारची मंजुळा धांवत आली. "माझा लेक फणफणलाय गं. तुझी एक गोळी दे." द्यावी तर वसा मोडतो, न द्यावी तर शेजार तुटतो. फुलवंता म्हणाली, "ही तापल्या लेकराची नव्हे, मंजुळे. चल, मी येतें." रत्नीला त्या दिवसाची गोळी दिली, तिला सासूच्या ओटींत ठेवलं, भरल्या नदींतून मंजुळेबरोबर दवाखान्यांत गेली. मंजुळेचा लेक वांचला. निघतांना सिस्टरबाईंनीं त्यालाही तीन पुड्या दिल्या. परततांना डोंग्यांत फुलवंतेनं मंजुळेला वसा सांगितला. तोंवर घरीं सासूनं रत्नीच्या गोळीचा एकही दिवस चुकवला नव्हता.

रत्नी वाढली, गालांवर रंग चढला. श्रावणांतल्या शेवटच्या शुक्रवारीं फुलवंतेनं जिवतीची पूजा मांडली, पुरणाच्या दिव्यांनीं रत्नीला ओंवाळलं. लेकरूं दूर असलं तर आई चहूं दिशांना अक्षता टाकते. सासू म्हणाली, "सूनबाई, एक मूठ नदीकडे टाक. तोही आपलाच." दोघींनीं मिळून टाकली.

जशी जिवतीमाय रत्नीला राखती झाली, तशी तुमच्या आमच्या लेकरांना राखो. बरी होऊन घरीं आलेलीं घरींच नांदोत. ही तीन पुड्यांची कहाणी मीं सांगितली, तुम्हीं ऐकली, सुफळ संपूर्ण झाली.