लेकींचं सुवेर

निंबगव्हाणच्या तळ्याला सरकारी पाटी लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी तिथं तानूबाई भोईण होडी चालवायची. तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर बाभळी, आणि माघात बाभळींवर चित्रबलाकांची शेकडो घरटी. गुलाबी पिसांचे ते मोठे करकोचे दरसाल यायचे, पिल्लं उडती करून निघून जायचे. गाव म्हणायचं, लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या. तानूबाईला प्रत्येक लेक चालीवरून ओळखू यायची, असं म्हणतात.

एका वर्षी जहागीरदारानं पाहुण्यांसाठी शिकार ठरवली. गावानं ढोल बडवून पक्षी उठवायचे, पाहुण्यांनी ते बंदुकीनं पाडायचे. हुकूम घेऊन कारभारी शिरपतराव आला, गावानं त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते. आया मेल्या तर ती घरट्यातच वाळून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे जमिनीकडं बघत बसले. तानूबाई उठली.

"गावाला सुवेर आहे, रावसाहेब. दहा दिवस ढोलाला हात लागायचा नाही."

"बाळंत कोण झालंय?"

"चारशे जणी. नावं सांगू का?"

कारभारी हसला. "पाखरांचं सुवेर माणसाला लागतं होय गं?"

"लेकीचं माहेराला लागतं की. पटत नसेल तर हातातला तांब्या तोंडाला लावा. गावचंच पाणी आहे."

शिरपतराव सोवळ्याओवळ्याचा माणूस, बाळंतपणाच्या विटाळातलं पाणी न पिणारा. त्यानं तांब्याकडं पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला. तेव्हा कुठं गावाला धीर आला. ढोल आढ्याला टांगले गेले.

जहागीरदार भडकला. कायदे करायची सवय असलेल्याला कुणी नियम सांगितलेला सोसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बंदूक घेऊन होडीत येऊन बसला. तानूबाईनं वल्हं मारलं.

धुकं उतरलं. होडी चालली, चालतच राहिली, पण बेट काही येईना. पाणी दुधासारखं झालं. तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. वर पंखांची सळसळ, जणू कुणी शेकडो पाळणे हलवतंय. मग बाभळी दिसल्या. जहागीरदारानं बंदूक उचलली, आणि फांद्यांवर त्याला पक्षी दिसलेच नाहीत, असं म्हणतात. तिथं ओल्या बाळंतिणी बसल्या होत्या, पदराखाली पोरं घेऊन. त्यांच्यात त्याची स्वतःची लेक होती, त्याच महिन्यात माहेरी आलेली.

बंदूक पाण्यात पडली. धुकं फाटलं तेव्हा होडी काठाला लागलेली होती आणि जहागीरदार लहान मुलासारखा रडत होता. तानूबाई होडीत नव्हती. गावानं तीन दिवस तळं धुंडाळलं. चौथ्या दिवशी सगळ्यात ठेंगण्या बाभळीवर एक करकोचा जास्त दिसला. त्याला घरटं नव्हतं. तो नुसता पहारा देत उभा होता.

जहागिरी गेली, त्या घराण्याचं आज कुणी नावही काढत नाही, आणि ते बरंच झालं. निंबगव्हाण मात्र माघातले दहा दिवस अजून सुवेर पाळतं. लग्नं बिनवाजंत्रीची लागतात. वनखात्याची माणसं आणि कॉलेजची मुलं दुर्बिणी घेऊन येतात, गावच्या बायकांबरोबर होडीत बसून पक्षी मोजतात. मोजणी झाली की बायका त्यात एक वाढवतात. एका नव्या साहेबानं तो एक खोडला होता. दुसऱ्या दिवशी त्याला होडी मिळाली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्यानं कागद काढला, एक पक्षी वाढवला आणि प्रजातीच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: तानूबाई.