बुवांसाठी तापवलेली जीप

“...मंग डिझेल पिते कोन, बुवा?”

प्रफुल्ल गावंडेने मोजायची काठी ड्रममधून बाहेर काढली आणि सुकाजीबुवांपुढे धरली. आज डिसेंबरची आठ तारीख. ड्रमचा तिसरा हिस्सा संपला होता.

बुवा ओसरीवर घोंगडी पांघरून उन्हात बसले होते. त्यांनी काठीकडे पाहिलं, प्रफुल्लकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

मेळघाटातल्या डोंगरावर त्यांचा लहानसा मठ. मठाची एक जुनी जीप, ती चालवणारा प्रफुल्ल. पायथ्याच्या गावचा एक भाविक दर एक तारखेला डिझेलचा एक ड्रम पाठवायचा. उन्हाळ्यात तो महिनाभर पुरायचा. थंडीत मात्र विसाव्या-बाविसाव्या दिवशीच तळ गाठायचा, आणि पुढची एक तारीख येईपर्यंत जीप दारात उभी.

गेल्या थंडीत ती अशीच उभी असताना मठाशेजारच्या वस्तीतल्या फुलवंतीला कळा सुरू झाल्या होत्या. चौघांनी तिला खाटेवर घालून डोंगर उतरवला. बाळ वाटेतच गेलं. यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि नर्सबाईंनी तारीख दिली होती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली.

म्हणून प्रफुल्लला झोप नव्हती. पोरगा मनाचा चांगला. मोटार मेकॅनिकचा डिप्लोमा केलेला, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचाच.

“सकायी जीप सुरू कधी करतं?” बुवांनी डोळे न उघडता विचारलं.

“पाचाले. काकड आरतीची घंटा वाजली की.”

“अन् निघतो कधी?”

“साडेपाचाले. आरती संपल्यावर.”

“मधात अर्धा घंटा काय करतं?”

“इंजिन तापवतो. हीटर लावतो. तुमचे गुडघे दुखते ना, बुवा... तुमी बसाच्या आधी गादी गरम पायजे.” प्रफुल्लचा आवाज जरा ओला झाला. तीन वर्षांत, ड्रममध्ये डिझेल असेपर्यंत, थंडीतला एकही दिवस त्याने हे चुकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान होता.

“मले खाली पोथीले नेतं, वापस आनतं. मंग?”

“मंग दुधाचे कॅन नेतो. तिसऱ्या पारी वस्तीतले पेशंट.”

“तीन खेपा? एकाच रस्त्यानं?”

“तुमच्या बाजूले दुधाचे कॅन ठेवू का, बुवा? खोकलनारे मानसं बसवू?” प्रफुल्लला हा प्रश्नच विचित्र वाटला. “लोक काय म्हनतीन?”

बुवांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

“उद्या इंजिनाले हात लावू नको,” बुवा म्हणाले. “आरतीत उभा राय.”

“अन् थंडं इंजिन तसंच काढू? मी डिप्लोमा केला बुवा, तुमाले नाई समजाचं...”

“नाई समजत. माह्या बापाजवळ बैलं होते. थंडीत तो त्याईले गोठ्यात नाचवत नव्हता. जुपायचा अन् पयला कोस हळू चालवायचा.”

“इंजिन म्हंजे बैल नाई!”

“नसंन बापा. पाहू उद्या.”

दुसऱ्या दिवशी पहाटे दवाने अंगण भिजलं होतं. घंटा वाजली आणि प्रफुल्ल तीन वर्षांत पहिल्यांदा काकड आरतीत उभा राहिला. त्याला आरती अर्धीच पाठ होती. इंजिनाची घरघर नाही म्हणून मृदंगवाल्याचा ताल दोनदा चुकला. सवय वाईट असते.

आरती संपली. बुवा बाहेर आले. जीपची समोरची काच दवाने पांढरी झाली होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्वतः ती काच पुसायला लागले. मग मागचं दार उघडून म्हणाले, “कॅन आन.”

कॅन आले. वस्तीतला खोकणारा दामजी आला. ताप आलेल्या लेकीला घेऊन एक बाई आली. पुढची जागा बुवांनी तिला दिली आणि आपण मागे, दोन कॅनच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन बसले.

प्रफुल्लच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की लाजेचं, त्याचं त्यालाच कळेना.

“गाडी बरफावानी हाय, बुवा.”

“मीबी हाय. चाल... हळू.”

त्याने जीप सुरू केली आणि लगेच हलवली. जोर न लावता, अ‍ॅक्सिलरेटर दाबून न धरता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाशी तापमानाचा काटा वर सरकला आणि हीटरमधून कोमट हवा यायला लागली. दारात उभं राहून जे अर्ध्या तासात व्हायचं, ते दोन मैलांत झालं होतं.

प्रफुल्लने आरशातून मागे पाहिलं. दामजी बुवांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता.

“बुवा...”

“बोल.”

“समजलं. डिझेल कोन पिते ते.”

“मले कालच समजलं,” बुवा म्हणाले. “तीन वर्षं मीच पीत होतो.”

प्रफुल्लने पुढच्या वळणावर गिअर उतरवला.

त्या दिवसापासून तीन खेपांची एक झाली. प्रफुल्लने मग आपली विद्याही कामाला लावली. थंडीने चाकांतली हवा उतरते आणि गाडी जास्त डिझेल खाते हे त्याला ठाऊक होतं, फक्त बघायला कधी सवड झाली नव्हती. आता दर सोमवारी तो पंप घेऊन बसू लागला. जीपच्या टपावर त्याने हौसेने लावलेला मठाच्या नावाचा लोखंडी फलक वारा अडवायचा, तोही एके दिवशी उतरवून त्याने गोठ्याच्या छपराला ठोकला. गाईची सोय झाली.

अठ्ठावीस तारखेला पहाटे, ऐन आरतीत, फुलवंतीचा नवरा धावत आला.

प्रफुल्लने हातातले टाळ खाली ठेवले. बुवांकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रममध्ये डिझेल होतं. जीप थंडगार होती. ती त्याने अलगद काढली, अलगद उतरवली, आणि सूर्य वर यायच्या आत फुलवंती दवाखान्याच्या खाटेवर होती.

मुलगी झाली. रडणारी, धडधाकट. दवाखान्याच्या पायरीवर बसून फुलवंतीच्या नवऱ्याने प्रफुल्लला मिठी मारली आणि दोघेही मनसोक्त रडले.

एकतीस तारखेला बाळ-बाळंतीण घरी पोचवून प्रफुल्ल मठात परतला. मन भरून आलं होतं. त्याने काठी ड्रममध्ये घातली, बाहेर काढली, आणि तशीच नाचवत ओसरीवर आला.

“बुवा, पाहा! महिना संपला अन् हातभर उरलं! असं कधीच झालं नव्हतं!”

बुवांनी काठी हातात घेतली. ओल्या भागावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता.

मग त्यांनी काठी परत दिली.

“चांगलं झालं... आता वस्तीत जाऊन ये. इतकं उरलं, तं कोनाले न्याचं राहून गेलं, ते पाह्य.”