परतीचा माणूस

एकदा एक म्हातारा वाटाड्या आपल्या शिष्येवर इतका संतापला, की तिने आठ दिवस खपून लिहिलेला मोहिमेचा कागद त्याने तिच्या देखत चुलीत घातला. वर चहाचं आधण होतं. कागद भुरकन पेटला, आधणाला उकळी फुटली, आणि म्हातारा म्हणाला, "चला, निदान चहाला तरी उपयोगी पडला."

शिष्या रडली नाही. रडणाऱ्यांतली ती नव्हती. सह्याद्रीतल्या गडांवर पाचव्या वर्षापासून बकरीसारखी चढलेली पोर ती, कोणाच्या रागाला भिणार? ती ताडकन उठली आणि म्हणाली, "नाना, चूक काय ते सांगा. जाळून टाकणं हे उत्तर नव्हे."

"छेरिंग कुठे आहे त्यात?" नाना गरजले.

इथे थोडं मागे जायला हवं. नाना मूळचे घाटमाथ्यावरचे. चाळीस वर्षांपूर्वी उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरांत ओझी वाहायला म्हणून गेले आणि तिथलेच झाले. ही मुलगी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होती. यंदा खालून, आपल्या मुलखातून, एका व्यापाऱ्याचं बोलावणं आलं. आम्ही आठ जण आहोत, बर्फ कोणी पाहिलेला नाही, आम्हाला एखाद्या सोप्या शिखरावर न्या. नाना शिष्येला म्हणाले, "ही मोहीम तू आखायची, तूच न्यायची. नीट नेऊन नीट आणलीस, तर यापुढे दोर तुझा. मी चुलीशी बसेन." सहा वर्षं ती याच शब्दांची वाट बघत होती.

सोपं शिखर म्हणजे काय, तेही नीट ऐकून ठेवावं. तिथे उभा कडा नाही, कुठे लोंबकळायचं नाही. बर्फाचा लांबच लांब चढ आहे आणि बुटांना काटे बांधून त्यावरून चालत जायचं. सोपेपणा एवढाच. उंची मात्र सहा हजार मीटर. तिथे छातीला निम्मी हवा मिळते, आणि शेठला निम्मी तशी हमालालाही निम्मीच. जाहिरातीत हे लिहीत नाहीत. जाहिरातीत लिहितात, 'नवशिक्यांसाठी'. जणू डोंगराला कोणी आधी कळवून ठेवलं आहे, की बाबा रे, नवशिके येताहेत, जरा बेतानं घे!

शिष्येने आखणी केली होती ती मात्र खरोखर चोख. कोणत्या दिवशी किती चढायचं, चढून पुन्हा खाली येऊन कुठे झोपायचं म्हणजे विरळ हवा अंगवळणी पडेल, काटे बांधायला कुठे शिकवायचं, शेवटच्या दिवशी किती वाजता असतील तिथून माघारी वळायचं, सगळं लिहिलं होतं. नव्हता फक्त छेरिंग.

त्या दरीत एक रीत आहे. कोणतीही टोळी वर निघायच्या आधी एका माणसाचं नाव ठरतं, आणि ते पहिल्यांदा ठरतं. त्याचं काम वर जाण्याचं नाही. जो पहिल्यांदा थकेल, ज्याचं डोकं दुखेल, त्याला घेऊन खाली उतरायचं, एवढंच त्याचं काम. त्याला म्हणतात परतीचा माणूस. छेरिंगने नानांबरोबर बावीस वर्षं हे काम केलं. नानांच्या संगतीत तो मराठी शिकला, शिव्यांसकट. इतक्या वर्षांत त्या शिखराचा माथा त्याने जेमतेम तीनदा पाहिला असेल. बाकीच्या वेळी कोणाचा तरी हात धरून तो मधूनच उतरला.

शिष्येने हे नाव खोडलं, त्याला कारण तो व्यापारी. फरश्यांचा मोठा धंदा, जिभेवर सदैव उत्साहाची भाषणं. आठही जण गावात येऊन हवेला सरावत होते, तेव्हा शेठने आखणी ऐकली आणि कपाळाला हात लावला. "ताई, हा माणूस कशाला? हरणाऱ्याची सोय आधीच करून ठेवायची? लग्नाला निघताना कोणी तिरडीचे बांबू बरोबर घेतं का? मनात आणलं तर माणसाला अशक्य काही नाही. आमच्या दुकानात 'जमणार नाही' हा शब्द मी उच्चारू देत नाही."

टाळ्या पडल्या. अशा वाक्यांना आपल्याकडे टाळ्या पडतातच. शिष्येलाही वाटलं, बरोबर आहे. माझी माणसं मी नेणार, माझ्या हाताखाली कोण कशाला परत फिरेल? तिने छेरिंगला कळवलं, यंदा तुमची गरज नाही. नाना रांगेच्या शेवटी चालतीलच, काही झालं तर ते बघतील.

"मी बघेन?" नाना आता चुलीपुढे ओरडत होते. "सत्त्याहत्तर वर्षांच्या थेरड्याच्या जिवावर तू आठ जीव वर न्यायला निघालीस? लाज नाही वाटत?"

"तुम्हाला माझ्यावर विश्वासच नाही," शिष्याही ओरडली. "दोर सोडवत नाही तुम्हाला, म्हणून खुसपटं काढताय."

हे तिने बोलायला नको होतं. तिने हट्टाने तोच कागद पुन्हा लिहिला, छेरिंगशिवाय. नानांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. "ने," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावामागच्या डोंगरावर सराव होता. चार तासांची चढण, संध्याकाळी परत. निघताना शिष्येने सर्वांना उभं करून बजावलं, "डोकं दुखलं, मळमळलं, तर लगेच सांगायचं. ज्याला होईल तो त्याच क्षणी खाली उतरेल, आणि एकटा उतरणार नाही. हा नियम आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठ म्हणाला, "दुखणारच नाही!" पुन्हा हशा.

शिष्या पुढे, मध्ये आठ जण, शेवटी नाना, असे ते चढले. नाना शीळ घालत चालत होते. त्यांच्या पुढ्यात शाळेत शिकवणारी एक बाई होती, अबोल, चाळिशी उलटलेली. माथा पन्नास पावलांवर आला. वरच्या दगडांच्या राशीवर बांधलेल्या रंगीत पताका फडफडताना दिसू लागल्या. शेठने खिशातून फोन काढला.

आणि नाना मटकन दगडावर बसले.

"माझ्याने होत नाही," ते म्हणाले. "डोकं दुखतंय. मला खाली ने."

सगळे थांबले. शिष्या धावत मागे आली, वाकली आणि दात-ओठ खात पुटपुटली, "नाना, नाटक पुरे. आत्तापर्यंत शीळ घालत होतात."

"शीळ सरली. डोकं दुखतंय. सकाळी नियम कोणी सांगितला?"

"आजोबा, पन्नास पावलं!" शेठ वरून ओरडला. "मनाला सांगा, होतंय! सगळे मिळून म्हणा, होतंय!"

"तुझ्या मनाला सांग," नाना म्हणाले. "माझं मन बहिरं आहे."

शिष्येच्या कानशिलांत रक्त उसळलं. नानांबरोबर आपण उतरलो, तर ही आठ माणसं कोणाच्या भरवशावर सोडायची? नानांना एकटं उतरू दिलं, तर सकाळी सांगितलेला नियम काय चाटायचा? कोणाला तरी बरोबर द्यावं, तर ज्यांना स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत ते दुसऱ्याला काय सांभाळणार?

शेठने तोड काढली. "ताई, एवढा काय विचार करताय? त्यांना इथेच बसवा, अंगावर एक घोंगडी टाका. वर जाऊन फोटो काढू आणि येताना उचलू."

येताना उचलू. जणू पाठपिशवीच ठेवून जायची होती. शिष्येने शेठकडे पाहिलं, मग उरलेल्यांकडे. कोणीही 'नको' म्हणालं नाही. तिचाही जीव क्षणभर त्या पताकांकडे ओढला, हे तिला स्वतःला कळलं आणि त्यामुळेच ती अधिक चिडली.

"सगळे खाली," ती ओरडली. "सगळेच्या सगळे. वळा!"

मग जो गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. एवढ्या लांबून आलो, एका म्हाताऱ्यापायी, ही कसली व्यवस्था, परत गेल्यावर सगळ्यांना सांगतो! शिष्या नानांचा दंड धरून उतरत होती. आत वणवा पेटलेला. थेरड्याने सगळ्यांसमोर नाक कापलं. गेला माझा दोर. सहा वर्षं पाण्यात.

शंभर पावलं उतरले असतील नसतील, शिकवणारी बाई वाटेच्या कडेला खाली बसली आणि भडाभडा ओकली. ओठ राखेसारखे झाले होते. दोन्ही हातांनी तिने डोकं गच्च दाबून धरलं.

ज्यांच्याने चालवत नव्हतं ते नाना वाऱ्यासारखे तिच्याजवळ पोचले. पाठपिशवी काढली, तिला टेकवून बसवलं, घोट घोट पाणी पाजलं. "केव्हापासून, बाई?"

"सकाळपासून," ती म्हणाली. "पहिल्या तासापासून."

"अहो मग आधी सांगायचं ना!" शेठ वैतागला.

बाईने मान वर केली. अंगात त्राण नव्हतं, पण आवाजाला धार होती. "कोणाला सांगू? येताना उचलू म्हणणाऱ्याला? मी बोलले असते तर तुम्हा सगळ्यांचं जाणं माझ्यापायी बुडलं असतं. आयुष्यभर ऐकवलं असतंत. आता सगळेच वळलोत, म्हणून ओकायची तरी सोय झाली."

शेठने तिच्या पाठपिशवीसाठी हात पुढे केला. "राहू दे," बाई म्हणाली.

शिष्या नानांकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं. मग मला सांगितलं का नाही?"

"दोनदा विचारलं तिला," नाना म्हणाले. "दोन्ही वेळा म्हणाली, बरी आहे. बुटाची नाडी सुटली नसताना ती दर वीस पावलांनी वाकून नाडी बांधत होती. आता ऐक, आणि रागावली असशील तर रागातच ऐक, जास्त लक्षात राहील. तुझ्या कागदात सगळं होतं. वर लावायचा झेंडा, वर वाटायचे पेढे, फोटोला कोण कुठे उभं राहणार तेसुद्धा. जो मध्येच बसेल त्याच्यासाठी काय होतं? 'लगेच सांगा' हे एक वाक्य! सांगितल्यावर त्याचा हात कोण धरणार, ते नव्हतं. परत फिरणाऱ्यासाठी जिथे माणूस ठेवलेला नसतो, तिथे दुखणेकरी खोटं बोलतो. बोलावंच लागतं त्याला. या डोंगरात मी बर्फाने माणसं मरताना पाहिली, पण त्याहून जास्त 'मी बरा आहे' म्हणता म्हणता मेलेली पाहिली. आज छेरिंग बरोबर असता, तर ही बाई पहिल्या तासाला थांबली असती, बाकीचे पताकांपर्यंत गेले असते, कोणाचं काही बुडलं नसतं. शेठ म्हणतो, ती हरणाऱ्याची सोय. मूर्ख आहे तो. ती खरं बोलणाऱ्याची सोय आहे."

शिष्या खालमानेने म्हणाली, "आणि दोर?"

"दोर मला काय विचारतेस? छेरिंगकडे जा."

गावात पोचेपर्यंत बाईच्या ओठांना रंग आला होता. उतरलं की उतार पडतो, या दुखण्याला दुसरं मोठं औषध नाही. तिला निजवून, शेठशी दोन शब्द बोलून शिष्या तडक छेरिंगच्या घरी गेली. तो छपरावर गवत पसरत होता. तिला पाहूनही त्याने काम थांबवलं नाही.

"माझी गरज नव्हती ना?" तो वरूनच म्हणाला.

"मी चुकले."

"शेठने परवानगी दिली वाटतं?"

"शेठला विचारलं नाही. सांगितलं. ज्याला हे नाव नको असेल त्याने गावात बसून चहा प्यावा, असं सांगितलं."

छेरिंगने नानांकडून शिकलेली एक ठेवणीतली शिवी शेठच्या नावाने हासडली. "आणि ती बाई? तुम्ही तिला आणताना छपरावरून पाहिलं मी."

"दोन दिवस विश्रांती. मग सोसेल तिथवर. तुमच्याबरोबर."

"बरं. तुझ्या टोळीतलं परत कोण फिरेलसं वाटतं?"

कालपर्यंत ती म्हणाली असती, कोणीही नाही. आता ती विचारात पडली. मनातल्या मनात तिने शेठला दोन-तीनदा खाली पाठवून पाहिलं, बरंही वाटलं. पण डोंगर तिच्या रागाला विचारून माणूस निवडणार नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कोणीही असेल. मीसुद्धा असेन."

छेरिंगचे हात थांबले. "तू उतरलीस तर वर कोण नेणार?"

"कोणी नाही. सगळे उतरतील. तसं लिहून ठेवते."

तो हळूहळू शिडी उतरून खाली आला. अंगावरचं गवत झटकलं आणि दाराआड ठेवलेले आपले जाड बूट शोधू लागला. "आता आखणी झाली," तो म्हणाला. "निघू तेव्हा पुढे तू चाल."

आपल्या घरात, शाळेत, मंडळात झेंडे शिवणारे हात पुष्कळ आहेत. 'मला झेपत नाही' असं म्हणणाऱ्याबरोबर उठून कोण चालणार, त्याचं नाव आधी ठरवा, आणि मगच सुई हातात घ्या.