राजाची दरी आणि चिमणाची तक्रार

सोनगिरीच्या कड्यावर एका सकाळी कारवीच्या काठ्यांचा उंच कूड उभा राहिला आणि डोंगरावरच्या साऱ्या गावाला दरी दिसायची बंद झाली!

कूड घातला होता राजा रणधवलाने. आश्विनात हवा पालटायला म्हणून स्वारी आठ दिवसांसाठी डोंगरावर आली होती. पावसाने धुतलेलं आभाळ, पठारभर फुललेली पिवळीधमक सोनकी, भर दुपारीही शाल पांघरावी असा गारवा! राजा असा रमला, की कड्याच्या टोकावरचं घर त्याने विकतच घेतलं. खरेदीखतात त्याने आपल्या हाताने एक ओळ घातली, 'ओसरीवरून दिसेल ते सारं या घराबरोबर.' मग काय! दरी त्याची, पलीकडचे डोंगर त्याचे, सूर्यास्तसुद्धा त्याचा. आणि आपली वस्तू दुसऱ्याने फुकट का बघावी? म्हणून आपल्या ओसरीसमोरची जागा तेवढी मोकळी ठेवून बाकी साऱ्या कड्यावर कूड!

गावाचं पोट मात्र त्या दरीवरच चालायचं. भिवबाच्या घराच्या दोन खोल्या दर आश्विनात पाहुण्यांनी भरत. त्याची लेक चिमणा त्यांना भाकरी करून घाली आणि पाहुणे दिवसभर कड्यावर बसत. कूड झाला तशी पाहुण्यांनी गाठोडी बांधली. "कूडच बघायचा तर आमच्या परसात आहे!" असं म्हणून शेवटचा पाहुणाही घाट उतरला.

भिवबा डोक्याला हात लावून बसला. चिमणाने पदर खोचला आणि तडक राजाची ओसरी गाठली.

"महाराज, कूड काढा! आमच्या पोटावर पाय आलाय."

"दरी माझी आहे," राजा म्हणाला. "खतात लिहिलंय. न विचारता बघणारा तो चोर!"

"देवाची दरी कुणाची कशी होईल?"

राजाला गंमत वाटली, पण हट्ट सुटेना. "असं? मग तीन दिवस देतो. 'हे माझं नाही' असं माझ्याच तोंडून वदवून घे, कूड काढतो. नाही जमलं तर बापलेकींनी डोंगर सोडायचा!"

शेजारी बसलेले दिवाणजी खुदकन हसले. या राजाने आजवर हाती आलेली सुपारीसुद्धा सोडली नव्हती!

एक दिवस गेला, दुसरा गेला. चिमणाला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चूल पेटवायला बसली, तर लाकडं ओली आणि पीठ सर्द. दारातून धुकं सरळ आत शिरलं होतं.

"आलं मेलं न विचारता!" ती करवादली. आणि मग फुंकणी हातातच राहिली. ती एकटीच हसू लागली.

"का गं, काय झालं?" भिवबाने घाबरून विचारलं.

"आबा, चूल राहू दे. मी राजाकडे जाऊन येते!"

राजा ओसरीवर केशरी दूध पीत बसला होता. नुकतं ऊन पडलं होतं, दरी लख्ख दिसत होती.

"काय गं, गाठोडं बांधलंस का?"

"बांधायचंच आहे महाराज. पण जायच्या आधी एक न्याय हवा. शेजाऱ्याचं एक मोकाट जनावर रोज सकाळी माझ्या घरात शिरतं. सरपण भिजवतं, पीठ नासवतं, चूल विझवतं!"

"आणि मालक?"

"मालक मजेत दूध पितो!"

राजा खवळला. "माझ्या राज्यात हा अन्याय? लिहा दिवाणजी! मालकाने जनावर आजच्या आज दावणीला बांधावं आणि नुकसान भरून द्यावं. ते परत मोकाट दिसलं, तर मालकाने घर सोडून चालतं व्हावं!"

"शिक्का महाराज?" चिमणाने विचारलं.

"हा घे शिक्का! कुठाय ते जनावर?"

"ते काय, येतंय!"

दरीतून धुक्याचा पांढरा लोट वर चढत होता. बघता बघता त्याने कूड गिळला, अंगण गिळलं, ओसरी गिळली. दिवाणजींची पगडी दिसेना, राजाला आपल्या हातातला पेला दिसेना!

"ओसरीवरून दिसतं ते सारं तुमचं," धुक्यातून चिमणाचा आवाज आला. "दावं आणलंय मी. बांधा महाराज!"

"अगं पण..." राजा गडबडला. "धुकं कुणाला बांधता येतं का? हे माझं नाही!"

मग दिवाणजी हळूच खाकरले. "महाराज... आपण वदलात."

"थांबा, थांबा!" राजाने सावरायचा प्रयत्न केला. "धुकं माझंच! पण ते वाऱ्यासारखं फिरतं, त्याला कोण अडवणार?"

"मग तर कूड आत्ताच काढा!" चिमणा म्हणाली. "तुमचं धुकं न विचारता माझ्या चुलीपर्यंत येतं. माझी नजर न विचारता तुमच्या दरीपर्यंत गेली, तर मीच तेवढी चोर कशी?"

पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग धुक्यातून राजाचं असं गडगडाटी हसू उसळलं, की खाली घाटातले वाटसरू थांबून वर बघू लागले!

"काढा तो कूड!" राजा डोळे पुसत ओरडला. "दिवाणजी, या घराच्या किल्ल्या पोरीला द्या. मी वर्षातून आठ दिवस येणार, मग बाकी दिवस हे ओस का पडावं? चिमणा, इथे हवे तेवढे पाहुणे ठेव. नुकसानाबद्दल दोन दुभत्या म्हशीही घेऊन जा. फक्त आश्विनात मला एक खोली दे!"

चिमणाने किल्ल्या कमरेला खोचल्या. "देईन की महाराज! पण दरीकडची खोली हवी असेल, तर आधी सांगावा धाडा. ती लवकर भरते!"