ग्रंथघरात आंब्याची अढी

यंदा आंबे उदंड आले आणि गजसेन महाराजांचा डोळा ग्रंथघरावर गेला!

"पंतोजींच्या शाळेला सुट्टी लागली की तिथे चिटपाखरूही फिरकत नाही," महाराज म्हणाले. "पोथ्या माळ्यावर टाका आणि खाली आंब्यांची अढी घाला!"

महाराजांनी हट्ट धरला की प्रधानजीसुद्धा खांबाआड सरकत. पण ग्रंथघर झाडणारी साळू पुढे आली. तिथला केर काढता काढताच ती अक्षरं शिकली होती. ते बंद होणार म्हटल्यावर तिला रडूच यायचं बाकी होतं.

"महाराज, मुलं येतील. आठ दिवस द्या."

"दिले! पण त्यांना 'वाचा' म्हणायचं नाही. खाऊ द्यायचा नाही, धाक दाखवायचा नाही. त्यांनी आपण होऊन पोथी मागितली पाहिजे. नाहीतर नवव्या दिवशी अढी!"

दरबार खो खो हसला. सुट्टीतलं पोर आणि पोथी मागणार!

वैशाखात पोथ्यांना ऊन दाखवायची रीत होतीच. दरवर्षी साळू सुटी पानं गच्चीवर पसरायची. यंदा तिने एका गोष्टीची पानं पसरली ती थेट पारापुढच्या पटांगणात, जिथे मुलं विटीदांडू खेळत. प्रत्येक पानावर एकेक खडा ठेवला.

"पानांवर पाय देऊ नका रे!" एवढंच ती म्हणाली.

पाय पडू नये म्हणून पोरांनी खाली पाहिलं. खाली पाहिलं तर राक्षसाची गोष्ट! एकेक पान वाचत सगळी शेवटच्या पानाशी आली. तिथे लिहिलं होतं, 'राक्षसाने पेटी उघडली, तर आत...'

"आत काय? साळूताई, पुढचं पान?"

"ते ग्रंथघरात आहे. त्याला उद्या ऊन दाखवणार."

उद्यापर्यंत थांबतंय कोण! विटी तिथेच टाकून सगळी ग्रंथघराकडे पळाली, आणि सगळ्यांत पुढे युवराज! "साळूताई, ती पोथी दे ना!"

एक गोष्ट संपली की पोरं दुसरी मागत. आठव्या दिवशी महाराज आले, तर ग्रंथघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

"ही लबाडी आहे! उद्या अढी घालणारच!" महाराज गरजले. "पोरं भुलली. शहाणा माणूस अर्धवट गोष्टीला भुलत नाही."

"मग शहाण्या माणसाने चार पानं वाचून पाहावीत की," साळू म्हणाली.

महाराजांनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं. मग ते टेकले. मग मांडी घालून बसले. पानं संपली.

"चोराने दार ढकललं... पुढे?"

"पुढचं पान उद्यापासून माळ्यावर, महाराज. आणि शिडी लावायची जागा आंब्यांनी अडलेली. अढी उतरली की काढून देईन."

"तोवर मी काय करू?"

"आंबे खा, महाराज!"

प्रधानजी हळूच खांबाआड सरकले. मग महाराजच इतके हसले की पगडी घसरली.

"प्रधानजी, अढी आमच्या शयनगृहात घाला! आणि साळूबाई, आजपासून ग्रंथघराच्या किल्ल्या तुझ्याकडे, मानाची शाल तुझ्या खांद्यावर. आता दे बघू ते पान!"