दोघांचा कोयता

फार फार वर्षं झाली. करंजखोरीला तेव्हा सडक नव्हती. ठकू लोहारणीचं घर आणि भट्टी एकाच छपराखाली होती. नवरा गेल्यावर बाईमाणसानं भात्याला हात लावू नये, असं चार शहाण्यांनी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाता ओढला. तिनं पाणी दिलेलं पातं दगडावर पडलं तर दगड दुभंगायचा, असं म्हणतात.

एका सकाळी हैबती आला. खांद्यावर बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव.

"काकी, याचा कोयता कर. हातभर लांब."

ती धाव ठकूनंच त्याच्या बापाच्या गाडीला चढवली होती. बाप मेला आणि हैबतीनं नि धाकट्या गेनूनं गाडीसुद्धा वाटून घेतली. एकेकाला एकेक चाक.

"कापायचं काय?"

"ऊस."

"तुझ्या शिवारात ऊस कधी उगवला रे?"

हैबतीनं धाव भट्टीपाशी टाकली. बांधावरचा फणस गेनूनं तोडला होता, आणि आता गेनूलाच तोडीन असं हा चारचौघांत म्हणाला होता. नाही म्हणावं तर पुढच्या गावच्या लोहाराकडे जाईल, हे ठकूला कळत होतं.

"घण मारायला माणूस नाही माझ्याकडे. तूच मार."

लोखंड लाल झालं, हैबतीनं घण उचलला, आणि दारात गेनू उभा राहिला. भाऊ कोयता करवतोय हे त्याला कळलं होतं. त्याच्याही खांद्यावर धाव होती.

"उसासाठीच ना?" ठकूनं विचारलं.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. घण वरच होता. ठकूनं दोघांच्या मधल्या ऐरणीवर लोखंड ठेवलं.

"थंड होतंय. थोरल्या, मार. धाकट्या, भाता ओढ. जीव घ्यायचाय तो काम संपल्यावर घ्या."

तिनं दोन्ही धावा एकीवर एक ठेवल्या, सांधा एकजीव व्हावा म्हणून वाळू टाकली आणि पांढऱ्या होईपर्यंत तापवल्या. तीन दिवस भट्टी विझली नाही. घणाचा आवाज सात गावांत गेला, असं म्हणतात. पुरुष सांगतात, तिसऱ्या दिवशी खुद्द विश्वकर्मा घण मारून गेला. बायका तसं सांगत नाहीत. आळीपाळीनं घण मारणारी दोन गाढवं होती, आणि कुठं मारायचं ते ठकू हातोडीनं दाखवत होती.

कोयता झाला. पाणी दिलं तेव्हा वाफेनं अख्खी आळी झाकली.

"कुणाचा हा?" गेनूनं विचारलं.

"एकट्याला उचलेल त्याचा."

हैबतीला उचलला नाही. गेनूला उचलला नाही. बैल जुंपले तर दोर तुटला. शेवटी दोघांनी दोन टोकं धरली, तेव्हा तो गवताच्या पेंढीसारखा वर आला. मग त्यांनी तो ठकूच्या उंबऱ्यापाशी ठेवला आणि दोघे रिकाम्या हातांनी घरी गेले.

भाऊ गळ्यात पडले असं कुणी सांगितलं तर ते खोटं. मरेपर्यंत ते एकमेकांशी बोलले नाहीत. पण दोघेही म्हातारे होऊन, आपापल्या अंथरुणात मेले.

कोयता अजून तिथंच आहे. करंजखोरीत वाटणी निघाली की भावांनी आधी ठकूच्या दारी जायचं, दोघांनी मिळून तो कोयता उंबऱ्याच्या या अंगाचा त्या अंगाला ठेवायचा, मग तलाठ्याकडे. बोललं नाही तरी चालतं. त्यानं कुणाची वाटणी थांबत नाही. बांधावर रक्त मात्र आजवर सांडलेलं नाही.